दोन मिनिटांची प्रस्तावना

शाळेंत पस्तीस वर्षें निबंध तपासण्यांत घालविल्यावर मनुष्यास कांहीं गोष्टींची उगीचच खात्री वाटूं लागते. मुलांना निबंधाचा आरंभ करतां येत नाहीं आणि आपणांस तो उत्तम करतां येतो, ही आमची अशीच एक खात्री होती. ती आमच्या सोळा वर्षांच्या नातीनें कशी घालविली, आणि ती गेल्याचें आम्हांस दुःख कां झालें नाहीं, हें वाचकांस सांगावें म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

नात अकरावींत आहे. तिच्या वर्गांतील मुलांस पांच-पांचांच्या गटांनीं करावयाचें एक काम देण्यांत आलें. एका चित्रपटाचा आरंभ तयार करावयाचा. अवधि दोन मिनिटांचा, मुदत सहा आठवड्यांची. संबंध चित्रपट नव्हे, केवळ आरंभ! हें ऐकून आम्ही हंसलों. गाभारा नाहीं, कळस नाहीं, नुसती पायरी बांधून तिला देऊळ म्हणावयाचें काय? सूनबाईंची तक्रार निराळी होती. "मुलं आधींच अष्टौप्रहर फोन घेऊन बसतात, आतां अभ्यासाच्या नांवावर बसतील," असें त्या म्हणाल्या. तेव्हां या कामावर घरांतील वडील माणसाची देखरेख असावी असें ठरलें, व ती जबाबदारी आम्हीं मोठ्या उत्साहानें पत्करली.

पहिल्या रविवारीं पांचहि मुलें आमच्या घरीं जमलीं. आतां तीं फोन काढून चित्रण करीत सुटतील अशी आमची अटकळ होती. ती खोटी ठरली. कागदावर चित्रपट पुरा झाल्याशिवाय कॅमेऱ्यास हात लावावयाचा नाहीं, असें शिक्षकांनीं त्यांस बजावलें होतें. प्रथम सारी कथा एका वाक्यांत लिहावयाची होती. त्या एका वाक्यासाठीं मुलांनीं दोन तास घातले. अखेर ठरलें तें असें: एक मुलगी घर विकलें जाणार असल्याची बातमी आपल्या आजोबांपासून लपवून ठेवते.

मग आरंभाची आंखणी झाली. पहाटेची वेळ. जुन्या वाड्याच्या दारांत एक मुलगी रांगोळीचे ठिपके काढीत आहे. एक अनोळखी मनुष्य येऊन तिच्या हातीं लिफाफा देतो व जातो. ती तो उघडीत नाहीं. रांगोळीच्या डब्याखालीं सरकवून ठेवते. आंतून म्हातारा आवाज विचारतो, कोण आलें होतें? ती म्हणते, कोणी नाहीं. येथें चित्रपटाचें नांव पडद्यावर यावयाचें, आणि आरंभ संपावयाचा.

हें सर्व त्यांनीं चौकटींत चित्रें काढून मांडलें. यास स्टोरीबोर्ड म्हणतात. प्रत्येक चौकटीखालीं काय दिसेल, कॅमेरा कोठें असेल, कोणता आवाज ऐकूं येईल आणि किती सेकंद लागतील हें लिहिलेलें. पहिल्या मांडणींत अठरा शॉट व १९० सेकंद भरले. हातीं तर अवघे १२०. चार चौकटी खोडल्या, उरलेल्या आंखूड केल्या. चित्रपटांत एका सेकंदास चोवीस चित्रें डोळ्यांपुढून जातात. म्हणजे दोन मिनिटांत २,८८०. यांतील एकहि चित्र निष्कारण असूं नये, असें नात म्हणाली, तेव्हां आम्हांस निबंधांतून निष्कारण विशेषणें खोडणाऱ्या आमच्या तांबड्या शाईची आठवण झाली.

मोठ्या कामाआधीं लहानसा तुकडा करून दाखविण्याची ही रीत आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून परत आले, तेव्हां चित्रपटासाठीं भांडवल देण्यास कोणी धजेना. त्यांनीं कुंडींत वाटाण्याचें बीं लावलें व त्याच्या वाढीचीं चित्रें रोज थोडथोडीं घेतलीं. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत होतांना पाहून धनकोचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांत कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या चित्रपटाचा आरंभहि पाहण्याजोगा आहे. राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे व राणी जवळ आहे. राज्यत्याग नाहीं, स्मशान नाहीं. पुढें जें हिरावलें जाणार तें आधीं डोळेभर दाखवावें, ही दृष्टि त्यांत आहे.

चित्रणासाठीं एका मुलाच्या काकूंचा पेठेंतील जुना वाडा ठरला. त्यांची परवानगी आधीं घेतली. दाराशीं कोंवळें ऊन अर्धा तासच असतें, हें मुलांनीं दोन दिवस आधीं जाऊन, घड्याळ लावून पाहून ठेवलें होतें. म्हणून तीन सकाळींचा बेत केला. ज्यांच्या घरचीं मुलें असें काम हातीं घेतील त्यांच्या उपयोगासाठीं तेथें पाहिलेल्या कांहीं गोष्टी सांगतों. फोन नेहमीं आडवा धरावा व तिवईवर ठेवावा. तिवई नसल्यास पुस्तकांच्या चळतीवर. लांबून आवाज नीट येत नाहीं, म्हणून दुसरा एक फोन बोलणाराच्या जवळ, परंतु चौकटीबाहेर ठेवावा. चित्रण संपलें कीं सर्वांनीं गप्प उभें राहून त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करावी. दोन शॉट जोडतांना सांधा कानास टोंचूं नये म्हणून ती खालीं अंथरतां येते. दोन माणसें समोरासमोर असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. तो पलीकडे गेला, तर तीं एकमेकांकडे न पाहतां एकाच दिशेस पाहात आहेत असा भास होतो. हा शेवटचा नियम मुलें पहिल्या सकाळीं विसरलीं, आणि लिफाफा देणारा मनुष्य मुलीच्या पाठीमागून बोलत असल्यासारखा दिसूं लागला. तीन शॉट पुन्हां घ्यावे लागले.

दुसऱ्या सकाळीं तर मोठीच फजिती झाली. काकूंनीं नित्याप्रमाणें पहाटे सडा घालून उंबरठा धुऊन काढला होता. अर्धी रांगोळी नाहींशी झाली! नातीचे डोळे भरून आले. परंतु आदल्या दिवशीं निघतांना त्यांच्यांतील एकीनें रांगोळीचें छायाचित्र वरून घेऊन ठेवलें होतें. त्यावरून ठिपका न् ठिपका पुन्हां मांडला. तोंपर्यंत ऊन निघून गेलें, आणि त्या दिवशीं एकहि शॉट झाला नाहीं. घरीं परततांना आम्हीं मुलांस सत्यजित राय यांची गोष्ट सांगितली. १९५२ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं 'पथेर पांचाली'च्या चित्रणास प्रारंभ केला तो पांढऱ्या काशफुलांच्या शेतांत. आठवड्यानें परत जाऊन पाहातात तों सारीं फुलें गुरांनीं खाऊन टाकलेलीं. त्यांना पुढच्या हंगामापर्यंत थांबावें लागलें. "मग आपलं एका दिवसावर भागलं," असें म्हणून मुलें हंसलीं, आणि तिसऱ्या सकाळीं काम पुरें झालें.

येथवर आमची देखरेख निर्दोष होती. दोष घडला तो निवेदनांत. आम्हीं पहिल्याच दिवशीं मुलांस विचारलें होतें, "लिफाफ्यांत काय आहे तें प्रेक्षकांस कळणार कसें?" आणि उत्तराची वाट न पाहतां तें लिहून देण्याचें वचन दिलें होतें. चार रात्री जागून आम्हीं दीड पानाचें निवेदन सिद्ध केलें. त्यांत घराण्याचा पूर्वेतिहास होता, कर्जाची रक्कम होती, सावकार होता, कोर्टाची तारीख होती, आणि घराच्या तुळया बोलतात अशी एक उत्प्रेक्षाहि होती. आम्हीं तें स्वतःच्या आवाजांत वाचलें. वाचन तीन मिनिटांवर गेलें. चित्रपट दोन मिनिटांचा. मुलांनीं काटछांट करून तें कसेंबसें बसविलें, व संकलन केलेली प्रत आम्हांस दाखविली. आम्ही संतुष्ट झालों. मुलें मात्र फारशीं बोललीं नाहींत.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही आंतल्या खोलींत पडलों होतों. बाहेर संगणकावर त्यांचें काम चाललें होतें. एक मुलगा हळू आवाजांत म्हणाला, "निवेदन काढलं तर हा चित्रपट आहे; ठेवलं तर रेडिओ." थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातीचा आवाज आला. "आजोबांनीं चार रात्री जागून लिहिलंय. मार्क गेले तर जाऊं देत. मी त्यांना सांगणार नाहीं."

वाचकहो, आम्हीं आजवर अनेक विद्यार्थ्यांस आज्ञाधारकपणाबद्दल शाबासकी दिली आहे. त्या रात्रीं तो गुण प्रथमच आमच्या मनास बोंचला. पांच मुलांचे सहा आठवड्यांचे श्रम एका म्हाताऱ्याच्या हौसेपायीं वायां जात होते, आणि तें सांगण्याचें धैर्य होऊं नये इतका आमचा धाक, किंवा इतकी आमच्यावर माया होती. दोहोंपैकीं कांहींहि असो, लाज आमच्याच वांट्यास होती.

झोंप येईना, म्हणून उठून शाकुंतल उघडलें. त्याची प्रस्तावना आम्हीं किती वेळां शिकविली असेल याची गणती नाहीं. सूत्रधार नटीस बोलावितो; ती ग्रीष्म ऋतूवर गीत गाते; तें ऐकून प्रेक्षक चित्रासारखे तटस्थ होतात, आणि सूत्रधार स्वतःच आजचें नाटक कोणतें तें विसरतो. नटी आठवण देते. तेव्हां तो म्हणतो कीं, तुझ्या गीतानें मला दूर ओढून नेलें, जसें या दुष्यंत राजास हरिणानें. लागलीच दोघेंहि निघून जातात, आणि हरिणाच्या मागें रथांतून राजा येतो. नाटकाचें नांव तेवढें कळतें. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, भरल्या सभेंतील तो नकार, यांपैकीं एक अक्षर सूत्रधार बोलत नाहीं. त्यास सर्व ठाऊक असतें, तरी बोलत नाहीं. तीं दोघें निघून जातात असें सांगणाऱ्या रंगसूचनेंतील द्विवचन आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर समजावून दिलें. जाण्याचा अर्थ मात्र आम्हांस त्या रात्रीं लागला. आरंभ करून देणें हें सूत्रधाराचें अर्धें काम. रंगभूमि मोकळी करून देणें हें उरलेलें अर्धें.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्ही नातीस म्हणालों, "अग, तें निवेदन काढून टाका." ती आमच्याकडे पाहातच राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हांला वाईट नाहीं ना वाटलं?" आम्हीं खरें तें सांगितलें. "वाटलं. पण तुमचं काम वाईट झालं असतं, तर त्याहून जास्त वाटलं असतं." तिच्या चेहऱ्यावरचें ओझें उतरलेलें आम्हांस स्पष्ट दिसलें.

तथापि आमचा आवाज अगदींच वायां गेला नाहीं. आंतून विचारणाऱ्या आजोबांसाठीं मुलांस एक म्हातारा आवाज हवाच होता. मुद्राराक्षसाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार चंद्रग्रहणाविषयीं बोलत असतां पडद्याआडून चाणक्य गर्जतो. आपल्या चंद्रगुप्तावरच कोणी चालून आलें असें त्यास वाटतें. दर्शन होण्यापूर्वीं केवळ आवाजानेंच तो रंगभूमि व्यापून टाकतो. आमच्या वांट्यास गर्जना आली नाहीं, "कोण आलं होतं ग?" एवढे चार शब्द आले. ते आम्हीं सात वेळां म्हटले. पहिल्या सहा वेळांस व्याख्यानाचा वास येतो, असें दिग्दर्शिकेचें, म्हणजे नातीचें मत पडलें. सातव्या वेळीं तिनें मान हलविली.

महाविद्यालयांत तो आरंभ दाखविला गेला त्या दिवशीं पालकांसहि आमंत्रण होतें. सूनबाई आमच्या शेजारीं बसल्या होत्या. पडद्यावर ठिपके उमटले, लिफाफा आला, डब्याखालीं गेला. आंतून आवाज आला. मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "कोणी नाहीं, आजोबा," आणि तिनें पुढचा ठिपका ठेवला. चित्रपटाचें नांव आलें, आणि सभागृहांत दिवे लागले. प्रथम कोणी कांहींच बोललें नाहीं, मग मागच्या रांगेंतून एका मुलाचा आवाज आला, "पुढें काय होतं?"

घरीं येतांना रिक्षांत सूनबाईंनीं आम्हांस विचारलें, "मामंजी, त्या लिफाफ्यांत होतं तरी काय?" कर्जाची रक्कम, सावकार, कोर्टाची तारीख, सारें आम्हांस मुखोद्गत होतें. आम्हीं नातीकडे पाहिलें. ती खिडकीबाहेर पाहात होती. आम्ही कांहीं बोललों नाहीं.