शेतावरील शेडला जमिनीखालून वीज

कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजच्या परिसरात ऊस हे महत्त्वाचे पीक होय. अवजारांच्या दुरुस्तीसाठी शेतकरी घरापासून काही अंतरावर शेड बांधतो, तेव्हा तेथे वीज कशी न्यावी हा प्रश्न उभा राहतो. वरून ओढलेली तार कालांतराने झोल घेते व उसाने उंच भरलेली ट्रॉली तिला लागण्याचे भय असते. म्हणून तार जमिनीखालून नेणे श्रेयस्कर. मात्र वरची तार डोळ्यांस दिसते, खालची दिसत नाही, हे विसरता कामा नये.

या कामी साधी वायर न वापरता पोलादी कवचाची आर्मर्ड केबल घ्यावी. चर किमान ७५ सेंटिमीटर खोल असावा. खोल नांगरट करणारी अवजारे अर्धा मीटर व त्याहूनही खाली जाऊ शकतात. यास्तव चर पिकाच्या रानातून न काढता बांधाच्या कडेने काढावा. तळाशी चाळलेल्या वाळूचा थर देऊन त्यावर केबल किंचित नागमोडी अंथरावी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. ताणून घातलेल्या केबलीस ही ओढ सोसत नाही. वर पुन्हा वाळू, त्यावर विटा व मग माती घालावी. वाटेत सांधा ठेवू नये.

अंतर दुप्पट झाले की वीजदाबातील घटही दुप्पट होते. घट निम्म्यावर आणावयाची तर तारेचा छेद दुप्पट हवा. वेल्डिंगचा संच चालवावयाचा असल्यास हा हिशेब आधीच करावा. दोन्ही टोकांस स्वतंत्र स्विच, घराकडे गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण आणि केबलीच्या कवचास उत्तम अर्थिंग, या तिन्ही गोष्टी अपरिहार्य आहेत. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे व चर बुजविण्यापूर्वी केबलीची चाचणी घ्यावी.

कृषिपंपाच्या जोडणीवरून परस्पर शेड चालविणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये अनधिकृत वापर ठरू शकतो. तेव्हा महावितरणची संमती आधी घ्यावी.

शेवटी, केबलीच्या वाटेवर खुणेचे दगड रोवावेत व तिचा नकाशा मीटरपाशी लावावा. केबल पुरणारा ती कोठे आहे हे जाणतो. दहा वर्षांनी तेथे कुदळ मारणारा कदाचित त्याचाच मुलगा असेल.