अहिंसा: तत्त्व की धोरण? नगरच्या किल्ल्यातले दोन पक्ष

नगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की आपण चांदबिबी आणि नेहरूंची खोली एवढंच सांगतो. पण राजकीय तत्त्वज्ञानाची आवड असणाऱ्यांनी तिथल्या मतभेदांबद्दलही जरूर वाचावं.

९ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत पकडून थेट इथे आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, सगळे एकाच आवारात.

यांच्यातला मोठा प्रश्न १९४० पासूनचा होता. स्वातंत्र्य मिळणार असेल तर महायुद्धात ब्रिटिशांना साथ द्यायची का? आझाद म्हणत, अहिंसा हे आमचं धोरण आहे, परिस्थितीनुसार बदलू शकतं. कृपलानी आणि शंकरराव देव गांधीजींच्या बाजूचे: अहिंसा हे तत्त्व, सोयीनुसार सोडता येत नाही. परिणाम पाहून ठरवायचं की तत्त्वाला धरून राहायचं, हाच तो नीतिशास्त्रातला मूळ वाद!

तरीही हे लोक जवळपास तीन वर्षं एकत्र राहिले. आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा करत आणि उर्दूत पत्रं लिहीत. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या 'अभिधर्मकोशा'वर काम करत. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं आणि सोबत्यांशी झालेल्या चर्चांचं ऋण प्रस्तावनेत मानलं.

मतभेद असावेत, पण समोरच्याकडून शिकण्याची तयारीही हवी. तुमचं मत काय: तत्त्व की धोरण? कारणासह लिहा.