मैदानाच्या कडेचे वाफे

लाइपझिग म्हटलं की बाख आठवतो, पुस्तकांची जत्रा आठवते. याच शहरात, मध्यवस्तीच्या पश्चिमेला आखेनर रस्त्यावर, १८९६ साली बांधलेली एक संस्थेची इमारत आहे. १९९६पासून तिथे जर्मनीतल्या छोट्या भाडेबागांचं संग्रहालय आहे. नुसत्या काचेच्या कपाटांसाठी इतक्या लांब जावं असं मी सांगणार नाही. पण इथे इमारतीलगतच संस्थेच्या बागा आहेत आणि त्या आजही कसल्या जातात.

या बागांना जर्मनीत ‘श्रेबर बाग’ म्हणतात. ज्या डॉ. मोरिट्झ श्रेबर यांचं नाव त्यांना मिळालं, त्यांनी मात्र यातला एकही वाफा केला नाही. कारखान्यांच्या शहरातल्या मुलांना मोकळ्या हवेत खेळायला मिळावं, हा त्यांचा आग्रह होता. (मुलांना शिस्त लावण्याचे त्यांचे बाकीचे विचार आज कुणाला पटणार नाहीत.) ते १८६१मध्ये वारले. १८६४मध्ये अर्न्स्ट इनोसेंझ हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी पालकांना एकत्र करून संस्था काढली, तिला श्रेबर यांचं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी मुलांसाठी मैदान खुलं केलं. मग कार्ल गेझेल या निवृत्त शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह फार टिकला नाही, तण माजलं आणि आई-वडिलांनी कामं हाती घेतली. मुलांचे वाफे असे घरादाराचे झाले. पुढे त्यांना कुंपणं आली, खोपटी आली. शहर वाढलं तेव्हा संस्थेला जागा बदलावी लागली आणि ती आजच्या ठिकाणी आली.

गरिबांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे देण्याची पद्धत जर्मनीत त्याआधीही होती, उत्तरेकडच्या काप्पेल्नमध्ये तर १८१४पासून. पण देशभर नाव झालं ते लाइपझिगच्या वाफ्यांचं.

पहिल्या महायुद्धात उपासमार झाली, तेव्हा या तुकड्यांवरच्या बटाट्यांनी आणि कोबीने अनेक घरं तगली. १९१९मध्ये सरकारने या जमिनींच्या भाड्यावर मर्यादा घातली. दुसऱ्या महायुद्धात ज्यांची घरं बॉम्बखाली गेली, त्यांतली कित्येक कुटुंबं बागेतल्या खोपटात राहिली. पूर्व जर्मनीच्या काळात तर जास्तीची फळं-भाजी सरकारी खरेदी केंद्रावर देता येई आणि भावही चांगला मिळे.

आज १९८३चा कायदा लागू आहे. बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी. खोपटं, ओसरी धरून, २४ चौरस मीटरपर्यंतच, आणि त्यात कायमचं राहायचं नाही. सुमारे एक-तृतीयांश जागेत भाज्या-फळं लावलीच पाहिजेत, असं २००४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मला हा एक-तृतीयांश फार मोलाचा वाटतो. जमिनीचं भाडं कमी ठेवलंय ते लोकांनी तिथे खायला पिकवावं म्हणून. सगळीकडे हिरवळ अंथरून आरामखुर्ची टाकली, तर मोक्याची जमीन स्वस्तात का द्यावी, याला उत्तर उरत नाही. वाफ्यातला नवलकोल आणि काठीवर चढलेली फरसबी त्या जमिनीची राखण करतात. डेलियाची, सूर्यफुलांची हौस उरलेल्या जागेत भागवायची, आणि लोक ती भरभरून भागवतात.

मे महिन्यात इथली लगबग पाहावी. आपल्याकडे पेरणीसाठी मृगाची वाट पाहतात, तशी इथे १५ मेची, ‘थंड सोफी’च्या दिवसाची वाट पाहतात. तोवर रात्री दहिवर गोठण्याची भीती असते. टोमॅटोची रोपं खिडकीत वाढवून ठेवलेली असतात. सोफी गेली की ती मातीत जातात, पावसाच्या पाण्याच्या पिंपातून झारी भरून त्यांना पाणी घातलं जातं.

बाग विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. संस्थेचं सभासद व्हायचं आणि वर्षातले काही तास सामायिक कामालाही द्यायचे, म्हणजे वाटा झाडायच्या, कुंपण कातरायचं. कुणी बाग सोडली, की जाणकार येऊन खोपटं, फळझाडं, बेरीची झुडपं यांची किंमत ठरवतो आणि नवा भाडेकरू ती रक्कम जुन्याला देतो. दुसऱ्याने लावलेल्या सफरचंदाची किंमत रीतसर मोजून द्यायची, ही पद्धत आपल्या शहरांतल्या सोसायट्यांनी आणि महापालिकांनी जरूर उचलावी.

जायचं तर मेच्या मध्यानंतर, सप्टेंबर संपायच्या आत जावं. संग्रहालयाच्या आवारात जुन्या काळची खोपटी आणि बागाही मांडल्या आहेत, त्या आधी पाहाव्यात आणि मग शेजारच्या चालत्या बागांकडे वळावं.