फुगले म्हणजे रुजले नव्हे

मटकीची उसळ करावयाची असली म्हणजे आदल्या दिवशी मटकी भिजत घालावी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण मटकी फार जुनी निघाली तर काय होते? दाणे पाण्यात टम्म फुगतात, मात्र फडक्यात दोन दिवस बांधून ठेवले तरी मोड येत नाहीत. म्हणजे फुगणे व रुजणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली केवळ पदार्थविज्ञानाची, दुसरी जीवनाची.

साठवणीच्या बियांत पाणी थोडेच, साधारण ८ ते १२ टक्के असते. त्यांतील प्रथिने व पिष्टमय पदार्थ पाण्याच्या रेणूंना जोराने ओढून घेतात. या क्रियेला अंतःशोषण म्हणतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, ती याच जातीची क्रिया. ती घडण्यास जीव लागत नाही, म्हणूनच मेलेले बीही फुगते. कोरड्या बियांची ही ओढ आरंभी शेकडो वातावरणांच्या दाबाइतकी असते! उलट, मटकीत एखादा गणंग राहून जातो, तो जिवंत असूनही फुगत नाही. त्याची साल पाणी आत शिरूच देत नाही.

पुरेसे पाणी मिळाले की शोषण मंदावते. बाहेरून सारे शांत दिसते, पण जिवंत बियांत आता खरी धांदल सुरू होते. विकरे तयार होतात, साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि श्वसन वाढते. मोड येत असलेले हरभरे थर्मास बाटलीत घालून तोंडाशी कापसाचा सैल बोळा बसवा व आत तापमापक ठेवा. पारा खोलीच्या तापमानापेक्षा वर चढलेला आढळेल. श्वसनाला ऑक्सिजन हवा. म्हणून तर मटकी पाण्यातच न ठेवता उपसून फडक्यात बांधतात. ऊबही हवी, पण ती पिकागणिक वेगळी. प्रकाशाची गरज मात्र आपल्या बहुतेक पिकांच्या बियांना नसते. तंबाखूसारख्या बारीक बियांची गोष्ट निराळी.

शेवटी साल फोडून मूलांकुर बाहेर पडतो. इथपर्यंत बी भिजून पुन्हा वाळले तरी बहुधा जगते. मूलांकुर लांबू लागल्यावर मात्र परतीची वाट बंद होते. आता पाणी तुटले तर अंकुर मरतो.

मृगाच्या पहिल्या सरींवर घाईने पेरणाऱ्या शेतकऱ्यावर संकट येते ते येथेच. थोडे गणित करू. कोरडी माती आपल्या आकारमानाच्या एक तृतीयांश पाणी धरते असे समजा. २० मिलिमीटर पाऊस झाला, तर तो सगळा मुरला तरी जमीन ६० मिलिमीटर, म्हणजे ६ सेंटीमीटरच भिजेल. सोयाबीन पेरतात ३ ते ५ सेंटीमीटर खोल. बियाला आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी तेवढ्या ओलीत मिळते, मूलांकुर निघतो, आणि पावसाने दडी मारली की चार दिवसांच्या उन्हाने नेमका तोच थर वाळतो. खाली ओल नाहीच. मूळ जाणार कोठे? मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणे, मजुरी व हंगामाचे दिवस यांचा दुप्पट खर्च. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो, त्यामागे हेच गणित आहे. ७५ मिलिमीटरला किती खोल ओल जाईल, ते तुम्हीच काढा.

पाऊस आपल्या हाती नाही. बियाणे जिवंत आहे की नाही, हे मात्र पाहता येते. सोयाबीनची साल पातळ असते, पोती आदळली तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून पेरणीपूर्वी सरसकट १०० दाणे मोजून घ्या. निवडक टपोरे घेऊ नका, नाहीतर चाचणी फसवी ठरेल. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत ते मांडा, वर दुसरे ओले गोणपाट घाला व गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळ राहू देऊ नका. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. नुसते फुगलेले धरू नका. ७० किंवा अधिक भरले, तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. थोडे कमी भरले, तर त्या मानाने बियाणे वाढवावे, आणि फारच कमी भरले तर ते बियाणे पेरूच नये.