सुरू : नांव आणि खरी ओळख

कोंकणांत दिवेआगर, गुहागर येथील किनाऱ्यावरचीं सुरूचीं बनें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील. वारा अडविण्यास व सरपणास हें झाड चांगलें, हेंही त्यांस ठाऊक आहे. परंतु केवळ नांवावर भिस्त ठेवून लागवड केल्यास फसगत होण्याचा संभव असतो. म्हणून त्याविषयीं थोडें लिहितों.

‘सुरू’ हा शब्द फारशी ‘सर्व’ यापासून आला असून मूळचा तो सायप्रस या निराळ्याच वृक्षाचा वाचक आहे. ‘कॅझुआरिना’ हें शास्त्रीय नांव कॅसोवरी पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून पडलें. ऑस्ट्रेलियांतील इंग्रज वसाहतवाल्यांस याच्या लाकडाचे रेषे ओकासारखे दिसले. पण प्रत हलकी वाटल्यामुळें त्यांनीं त्यास ‘शी-ओक’, म्हणजे मादी ओक, म्हटलें. वस्तुतः हें झाड सायप्रस नव्हे, ओक नव्हे आणि पाइनही नव्हे. त्याचीं बोंडें पाइनच्या शंकूंसारखीं दिसतात खरीं, तथापि तें सपुष्प वर्गांतील आहे.

ज्यांस आपण पानें समजतों त्या हिरव्या बारीक डहाळ्या होत. डहाळी ओढली असतां ती पेऱ्यावर निखळते, आणि तेथें इवल्या दांत्यांचें कडें दिसतें. हे दांते हींच खरीं पानें. मुळांवरील गांठींत फ्रँकिया नांवाचे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र धरून ठेवितात. म्हणूनच निकस रेताडींतही हें झाड वाढतें.

आतां मुख्य मुद्दा. आपल्या नेहमींच्या सुरूस, म्हणजे इक्विसेटिफोलिया जातीस, प्रत्येक कड्यांत बहुधा ६ ते ८ दांते असतात. ग्लॉका नांवाच्या ऑस्ट्रेलियन जातीस १२ किंवा अधिक. भेद लहान, पण परिणाम मोठा. ग्लॉकाच्या मुळांतून फुटवे निघून दाट जाळी माजते. खाऱ्या पडीक जमिनींत तें चालेल, परंतु बांधावर लाविल्यास ती पिकांत शिरेल. नेहमींच्या सुरूस ही खोड सहसा नाहीं. उलट, तोडल्यावर त्याचा खुंटही नीट फुटत नाहीं. म्हणून तोडीनंतर नवीं रोपें लावण्याची तजवीज आधींच ठेवावी.

१९८२ सालीं जॉन्सन या शास्त्रज्ञानें यांतील कित्येक जाती ‘ॲलोकॅझुआरिना’ या वेगळ्या प्रजातींत घातल्या. त्यांचें बीं गडद व चकचकीत, तर आपल्या सुरूचें फिकट व निस्तेज असतें.

यास्तव बीं किंवा रोपें घेण्यापूर्वीं मूळ झाडाची डहाळी मागवून, पेरें निखळवून, भिंगाखालीं दांते मोजावे, अशी आमची वाचकांस सूचना आहे.