मोड आणा, पण एक वाफ द्या

‘उद्या भाजी काय करायची?’ हा प्रश्न रात्री ओटा आवरताना ज्या घरात पडत नाही, असं घर मला तरी अजून भेटलेलं नाही. माझ्या सासूबाईंकडे त्याचं एक ठरलेलं उत्तर असतं. त्या काही न बोलता डबा उघडतात, दोन वाट्या मटकी निवडतात, धुतात आणि पातेल्यात भिजत टाकून वर ताटली ठेवतात. बाजारात भाजी कडाडलेली असो, पावसाने चिखल झालेली असो, परवाच्या जेवणाची काळजी तिथेच मिटते.

माझं माहेर अलिबागकडचं. तिथे मटकीपेक्षा मान कडव्या वालांना. श्रावणात मोड आलेल्या वालांची परात मध्ये ठेवून आम्ही चुलत-मावस भावंडं सोलायला बसायचो. बोटांच्या चिमटीत धरलं की वाल टरफलातून सुळकन बाहेर पडायचा, कधी समोरच्याच्या कपाळावर! लग्न होऊन साताऱ्याला आले आणि वालाच्या जागी मटकी आली. मोड काढणं हे काही शिकायचं काम आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. ते मी शिकले दोन वर्षांपूर्वी, आणि तेही माझ्या लेकीच्या दुखण्यातून.

झालं असं की, शाळेच्या बैठकीत कोणी तरी म्हणालं, कच्ची मोडाची कडधान्यं सकाळी उपाशीपोटी खावीत, फार ताकद येते. मी लगेच सुरू केलं. मे महिना होता. शुक्रवारी बांधलेले मूग उत्तरपत्रिकांच्या गडबडीत रविवारपर्यंत तसेच राहिले. फडकं सोडलं तेव्हा किंचित आंबूस वास आला. ‘एवढे मूग टाकायचे कसे?’ म्हणून मी ते तीनदा धुतले, कांदा, टोमॅटो, लिंबू घालून ताटात वाढले. रात्री सहा वर्षांच्या लेकीला उलट्या-जुलाब सुरू झाले. मीठ-साखरेचं पाणी पाजत रात्र काढली आणि सकाळी सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, मुगांनीच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वास आलेलं अन्न पोराला द्यायचंच कशाला? सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “अगं, मोडाला एक वाफ द्यावी गं.”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यामागे काय आहे ते मी नंतर समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मोड येतात म्हणजे काय होतं?

माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, “बाई, तुरीच्या डाळीला मोड का येत नाहीत?” प्रश्न छान आहे. दाण्याच्या दोन दळांमध्ये एक इवलासा अंकुर असतो. ती दळं म्हणजे त्याची शिदोरी. डाळ भरडताना दळं सुटी होतात, अंकुर निघून जातो किंवा मोडतो. मग कितीही भिजवा, मोड कुठून येणार? अख्ख्या दाण्याला मात्र पाणी, हवा आणि ऊब मिळाली की आतली विकरं जागी होतात आणि साठवलेलं अन्न अंकुराला पचेल असं करू लागतात. ती सोय आपल्यालाही उपयोगी पडते. पोटात गुबारा धरायला लावणाऱ्या साखरा कमी होतात. दाण्यातलं लोह बांधून ठेवणारा फायटेट नावाचा घटक घटतो. आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं ‘क’ जीवनसत्त्व नव्याने तयार होतं. अन्नातलं लोह अंगी लागायला हे ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं.

हे आपल्यासाठी किती महत्त्वाचं आहे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय आढळला. नुसती उसळ खाऊन रक्तक्षय बरा होत नाही, त्याला डॉक्टरच हवेत. पण रोजच्या ताटात जे आपल्या हातात आहे, ते तरी नीट करावं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोड आल्याने प्रथिने दुप्पट-तिप्पट होतात असं सर्रास सांगतात. तसं होत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भिजून, मोड येऊन त्याच मुगांचं वजन दुपटीहून अधिक होतं ते पाण्यामुळे. प्रथिने जेवढी होती साधारण तेवढीच राहतात, ती पचायला सोपी होतात इतकंच.

फौजेलाही पडलेला प्रश्न

‘क’ जीवनसत्त्व मिळालं नाही तर माणसाचं काय होतं, ते पहिल्या महायुद्धात आपल्याच लोकांनी भोगलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात आजच्या इराकमधल्या कुत गावी सहावी पूना डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. त्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी मिळेना, आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं. या रोगात हिरड्या सुजतात, रक्त येतं, जखमा भरत नाहीत. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक नावाच्या बाई या रोगावरच्या अन्नाचा अभ्यास करत होत्या. १९१९ मध्ये त्यांनी आणि एलन डेल्फ यांनी गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही, पण तेच भिजवून मोड आणून दिलं तर टळतो, असं त्यात दिसलं. भाजीचा मळा नसला तरी पोतंभर कडधान्य आणि पाणी असलं की ताजं अन्न उगवता येतं! आपल्या आज्यांना जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक नव्हतं, पण भाजी नसेल त्या दिवशी उसळ हे त्या करतच होत्या.

मोड काढायची रीत

कडधान्य यंदाचं, अख्खं, कीड न लागलेलं घ्यावं. फार जुन्या दाण्याला मोड धड येत नाहीत. निवडून तीन-चार पाण्यांनी धुवावं आणि तिप्पट पाण्यात भिजत घालावं. थंडीत पाणी कोमट चालेल, कढत नको, अंकुर मरतो. सकाळी पाणी ओतून द्यावं, वर तरंगणारे दाणे काढावेत. मुगात-मटकीत काही दाणे भिजूनही टणक राहतात. हे गणंग आत्ताच वेचून टाका, नाहीतर नेमके पाहुण्यांच्या दाताखाली येतात.

मग पुन्हा धुऊन रोवळीत किंवा चाळणीत पूर्ण निथळू द्यावं. घाई इथेच नडते. पाणी राहिलं की मोड बुळबुळीत होतात. ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधून पुरचुंडी चाळणीत ठेवावी, खाली ताटली, वर झाकण. डबा घट्ट बंद करू नये, अंकुराला हवा लागते. मोड यायला वेळ लागत असेल तर मधूनमधून फडकं सोडून दाणे स्वच्छ पाण्याने धुवावेत, निथळावेत, पुन्हा बांधावेत. हे फडकं वेगळंच ठेवा. दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवा. भांडी पुसायचं फडकं या कामाला नको.

मूग आणि मटकी आठ तास भिजवले की उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. थंडीत पूर्ण दिवस लागतो. मसूर, मेथी आणि चवळीला भिजल्यावर साधारण एक दिवस लागतो. हरभरे आणि वाल रात्रभर, दहा-बारा तास भिजवावेत, मग दीड दिवसापर्यंत धीर धरावा. एक वाटी मुगाचे मोड आल्यावर तीन वाट्यांच्या आसपास होतात, तेव्हा चार माणसांना दीड वाटी पुष्कळ. मोड अर्ध्या ते एक सेंटीमीटरचे झाले की थांबवा. जास्त वाढले की काहींची चव कडवट होते. लगेच करायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. वास आला, चिकट लागले की टाकून द्या. मी केली ती काटकसर करू नका.

कच्चे की वाफवलेले?

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ. मोडाला लागते ऊब, ओल आणि वेळ. जंतूंना तरी दुसरं काय लागतं? ते बहुतेक वेळा दाण्याबरोबरच येतात, सालीच्या बारीक भेगांत बसतात आणि मोडाबरोबर वाढतात. म्हणून वरवर धुऊन ते जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून असाच जंतू पसरला. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. मोड खाऊच नयेत असा याचा अर्थ नाही. ते चांगले गरम करून खावेत, एवढाच अर्थ आहे. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि आजारी माणूस यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

चाळणी उकळत्या पाण्यावर ठेवून, झाकण घालून मूग-मटकी सात-आठ मिनिटं वाफवा. ‘क’ जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण वर लिंबू पिळलं की त्याची भरपाई होते. कोशिंबीर करायची तर हेच वाफवलेले मोड गार करून घ्या. वाल आणि राजमा मात्र नुसत्या वाफेवर भागवू नका. ते कच्चे बाधतात, तेव्हा पुरते शिजवायलाच हवेत.

वालाचं बिरडं

माझ्या माहेरची ही रीत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलावेत आणि ते पाणी फेकून द्यावं. दोन वाट्या डाळिंब्यांना तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून, हवा तर एक बारीक चिरलेला कांदा परतावा. डाळिंब्या घालून एक वाटी गरम पाणी घालावं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवावं, ते तापलं की लागेल तसं भाजीत ओतावं. डाव हलक्या हाताने फिरवावा, डाळिंबी अखंड राहिली पाहिजे. बोटाने सहज चेपली की मगच तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, तिखट आणि मीठ घालावं. आंबट आधी घातलं तर दाणा दडदडीत राहतो. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर घालून एक वाफ आणावी.

लेक आता आठ वर्षांची आहे. पुरचुंडी सोडायचं काम तिचं. आधी वास घेते, मग आजीला दाखवते, आणि आजीने मान हलवली की मगच चाळणी गॅसवर जाते. आणखी एक सवय मी लावून घेतली आहे, तुम्हीही लावून घ्या. उसळ झाली की सगळ्यांना वाढायच्या आधी आपली वाटी बाजूला काढून ठेवायची. पातेलं पुसून उरलेला रस्सा पोळीला लावून खाणाऱ्या आपणच असतो ना! आणि जेवण झाल्या झाल्या चहाचं आधण ठेवू नका. चहाने लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. तेवढ्यात उद्यासाठी मटकी निवडून होते.