सुट्टीचा सौदा : लहान मुलांना घेऊन जावे केव्हा व कोठे?

चिकलठाण्यात आमचे कापडाचे दुकान आहे. विमानतळ जवळच असल्याने विमान खाली उतरू लागले की आवाजात भाव ऐकू येत नाही व गिऱ्हाईकही घटकाभर गप्प बसते. आमची मुले लहान होती तेव्हा विमान आले की ती दुकानाबाहेर पळत व हात हलवीत. यात बसून लोक कोठे जातात, असे विचारीत. सैर करायला जातात, असे सांगून आम्ही पुन्हा कापड मोजू लागत असू. व्यापारी बांधवांनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी याहून वेगळे घडत नाही. मुले मोठी होतात, दुकानात बसू लागतात, मुली सासरी जातात आणि मग एके दिवशी ध्यानात येते की आपण त्यांना घेऊन कोठेच गेलो नाही.

आम्ही तर गेलो होतो, पण ते न गेल्यासारखेच. ती हकीकत आधी सांगतो, कारण आमच्या धंद्यात ही चूक सर्रास होते.

१९९८ चा मे महिना होता. मुलगा सहा वर्षांचा व मुलगी तीन वर्षांची. सुरतला माल पाहायला जायचेच होते. खोलीचे भाडे भरायचेच आहे, तर घरच्यांना सोबत नेले म्हणजे सैरही होईल व खरेदीही होईल, असा हिशेब आम्ही केला. एका कामात दोन कामे उरकण्याची सवय व्यापाऱ्याला असतेच. स्टेशनजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. सकाळी नऊला आम्ही रिंग रोडवरील मार्केटात जायचो ते रात्री परतायचो. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, छापील साड्या, ड्रेस मटेरियल, भावाची घासाघीस, पुन्हा दलालाबरोबर चहा. मुले व त्यांची आई त्या खोलीत. खिडकी गल्लीकडे, पंखा मंद, पाणी नळाचे. दुसऱ्या दिवशी मुलीला उलट्या व जुलाब सुरू झाले. आम्ही रात्री आलो तेव्हा ती रडतही नव्हती, डोळे खोल गेले होते. रात्रीच एका दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. दोन रात्री आम्ही बाकावर बसून काढल्या. डॉक्टरांनी एकच विचारले, दुपारपासून लघवी झाली आहे का? आम्हांला ठाऊक नव्हते. त्या दिवशी घेतलेल्या जॉर्जेटचा भाव मात्र आम्हांला आजही तोंडपाठ आहे.

मुलगी बरी झाली, अल्लाहचे आभार. घरी येताना तिच्या आईने रागाने काही म्हटले नाही. एवढेच म्हणाली की पुढच्या वेळी माल घ्यायला एकट्यानेच जा. त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षे एकट्यानेच गेलो.

आता तीच मुलगी दोन मुलांची आई आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा तिचा मुलगा पाच वर्षांचा होऊ घातला होता व धाकटी दोन वर्षांची होती. ती म्हणाली, अब्बा, या वर्षी मुलांना कोठेतरी न्यायचे आहे, तुम्हीच जागा ठरवा. आम्ही ठरविले की या वेळी माल पाहतो तशी पाहणी करून मगच सौदा करायचा.

पहिला प्रश्न कोठे जावे हा नसून केव्हा जावे हा आहे. सर्वजण मे महिन्यात जातात, कारण शाळेला सुट्टी असते. पण मे म्हणजे लग्नसराई, कापडवाल्याने दुकान सोडण्याची ही वेळच नव्हे. जूनमध्ये गणवेश, पुढे पोळा, गणपती, दसरा, दिवाळी. आणि रमजान ईदेचा सीझन तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये ईद १६ जूनला व २०१९ मध्ये ५ जूनला होती, म्हणजे त्या दोन्ही वर्षी उन्हाळ्याची सुट्टी सीझनमध्येच बुडाली. २०२५ ची ईद ३१ मार्चला आली. तरीही मे महिना आमच्यासाठी मोकळा नाहीच.

मग ध्यानात आले की ज्यांची मुले अजून शाळेत अडकलेली नाहीत त्यांना मे महिन्याची गरजच काय? बालवाडीतले मूल चार दिवस गैरहजर राहिले तर काही बिघडत नाही. आपल्याकडे मंदीचे दोन काळ ठरलेले आहेत, गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहेत. एक पितृपक्षाचा, तेव्हा हिंदू गिऱ्हाईक नवे कापड घेत नाही. दुसरा धनुर्मासाचा, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, तेव्हा त्यांच्याकडे लग्नाच्या तारखा नसतात. पितृपक्षात पावसाचा भरवसा नाही. डिसेंबरात हवा कोरडी असते, नाताळापूर्वी हॉटेलवाल्यांनाही मंदी असते व सोमवार ते गुरुवार तर भाव निम्म्यापर्यंतही खाली येतो. जो भाव आपण गिऱ्हाईकाला सीझन उतरल्यावर देतो तोच आपणही मागावा, यात लाज कसली?

आता जागा. महाबळेश्वरचे नाव सर्वांनी घेतले. थंड हवा, स्ट्रॉबेरी, सर्व खरे. पण आमच्या शहरापासून तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, त्यात शेवटचा घाट. मोटारीत दोन वर्षांच्या मुलाला ज्याने सात-आठ तास सांभाळले आहे त्यानेच याचा विचार करावा. मुरूड-जंजिऱ्यावर आमचे मन होते. सिद्दींचा तो किल्ला समुद्रात उभा आहे व मुलांना दाखविण्यासारखा आहे. परंतु तेथे शिडाच्या होडीतून जावे लागते व होडीतून दरवाज्याशी उतरताना कडेवर मूल असेल तर छातीत धडधड होते. नातू आठ-दहा वर्षांचा झाला की तेथे जाऊ, असे ठरवून तो विचार बाजूला ठेवला.

शेवटी माथेरान ठरले. कारण एकच. तेथे मोटारगाडी जात नाही. दस्तुरी नाक्यावर वाहने अडवितात. पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेने जायचे. २०२२ च्या अखेरीपासून काही ई-रिक्षाही सुरू झाल्या. शहरात आपण मुलाचा हात एक क्षण सोडू शकत नाही. जालना रोड ज्याने ओलांडला आहे त्याला हे सांगणे नको. तेथे दोन वर्षांचे मूल रस्त्याच्या मधोमध धावले तरी मागून हॉर्न वाजत नाही. मात्र घोडे धावतात, त्यांची काळजी घ्यावी, व पॉइंटच्या कड्यांवर मुलाला मोकळे सोडू नये.

या छोट्या रेल्वेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नेरळ ते माथेरान सुमारे २१ किलोमीटरचा हा दोन फुटी मार्ग १९०७ साली सुरू झाला. तो सरकारने बांधलेला नाही. मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तो बांधविला. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला, असे सांगतात. आदमजी पीरभॉय काठियावाडातून लहानपणी मुंबईत आले, फेरीवाल्यासारखी किरकोळ विक्री केली व पुढे ब्रिटिश फौजेला तंबू पुरविण्याच्या कंत्राटांतून मोठे झाले. तंबू म्हणजे कापडच की! कापडातून कमावलेला पैसा डोंगरावर चढला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतर मुले त्या डब्यांतून टाळ्या वाजवीत जातात. नातवाला आम्ही हे सांगितले, पण त्याचे सारे लक्ष इंजिनाकडे होते.

आम्ही १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालो. लहान मुलांबरोबर रात्रीची गाडी बरी, मुले झोपतात व आईला विश्रांती मिळते. पहाटे कल्याणला उतरून कर्जत लोकलने नेरळ. तिकिटाचा नियम पुष्कळांना माहीत नसतो म्हणून लिहितो. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पण त्याला बर्थही नाही. पाच पूर्ण ते बाराच्या आत असेल व बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, बर्थ नको असेल तर अर्धे. नातवाला नुकतीच पाच पूर्ण झाली होती, तेव्हा जावईबापू अर्धे तिकीट काढू म्हणत होते. आम्ही पूर्ण काढायला लावले. आडव्या झोपलेल्या मुलाची किंमत सकाळी कळते. आरक्षणाची मुदतही नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आली आहे, त्यामुळे व्यापाऱ्याला आता चार महिने आधी ठरवावे लागत नाही, ही सोयच झाली.

नेरळला आमची फजिती झाली. छोट्या गाडीला डबे थोडे, तिकिटे थोडी व रांग लांब. तिकीट मिळाले नाही. नातवाने स्टेशनातच बसकण मारली. मग टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो व तेथून अमन लॉज ते माथेरान या छोट्या फेरीच्या गाडीत बसविले, तेव्हा कोठे रडे थांबले. उतरताना मात्र आधीच माणूस रांगेत उभा केला व नेरळपर्यंत संपूर्ण मार्ग रेल्वेने आलो. ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळ्यात हा नेरळचा मार्ग बंद असतो हे ध्यानात ठेवावे.

तीन रात्री राहिलो. एका दिवशी एकच ठिकाण, दुपारी झोप, असा नियम मुलीनेच घातला होता व तो योग्य ठरला. पाहण्याजोगे पॉइंट खूप आहेत म्हणतात, आम्ही जेमतेम तीन पाहिले. माकडे हातातील खाऊ हिसकावतात, तेव्हा मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा देऊ नये. तेथील माती लाल आहे व पांढऱ्या सुती कपड्यावर तिचा डाग बसला की निघत नाही. कापडवाल्याचे एवढे ऐका व मुलांना गडद रंगाचेच कपडे न्या. पाणी आम्ही उकळूनच दिले. सुरतेपासून एक गोष्ट आमच्या खिशात कायम असते, ओआरएसच्या पुड्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल सुस्त पडले किंवा लघवी थांबली तर मात्र थांबू नये, डॉक्टर गाठावा. या वेळी पुड्या तशाच परत आल्या.

चार दिवस दुकान मुलाने सांभाळले. शेजारचे एक व्यापारी भाई विचारीत होते की किती नुकसान झाले? खरे सांगतो, एक लग्नाचे गिऱ्हाईक आमचीच वाट पाहून दुसरीकडे गेले. बाकी जे उधारीवाले होते ते पाचव्या दिवशी आले, तेही वसुलीसाठी आम्ही बोलावल्यावर.

परंतु सर्वांनाच चार दिवस व रेल्वेभाडे परवडत नाही. आमच्या दुकानासाठी शिवणारे कारागीर पीसवर काम करतात. हात थांबला की मजुरी थांबली. मागावर बसणाऱ्या हिमरूच्या कारागिराची गोष्ट तीच आहे, उलट त्याचा सीझन पर्यटकांबरोबर हिवाळ्यात येतो, तेव्हा डिसेंबर त्याच्या कामाचा नाही. त्यांच्यासाठी एक दिवसाची सैर हीच सुट्टी. आमच्या एका कारागिराच्या मुलांनी तीस किलोमीटरवरचे वेरूळ पाहिले नव्हते, हे कळल्यावर आम्हांला अवघडल्यासारखे झाले. त्या दिवसाची मजुरी देण्याचे ठरवून एका टेम्पोत तीन घरे घेऊन निघालो. दुकानाची सुट्टी मंगळवारची. वेरूळला पोचलो तर फाटक बंद! वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असतो, हे साऱ्या शहराला माहीत असावे व आम्हांला नसावे. मग दौलताबादला परतलो. वर चढलो नाही. तेथे शेकडो पायऱ्या आहेत व अंधारी वाटेत वटवाघळे आहेत, लहान मुले घाबरतात. पण खाली तटबंदी, खंदक, तोफा व चाँद मिनार एवढ्यावरच मुलांचे चार तास गेले. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या या स्थळांवर तिकीट नाही, ही गोष्ट पुष्कळ गरीब पालकांना ठाऊक नसते व ते तिकिटाच्या धास्तीने जात नाहीत.

उन्हाळ्यातच जायचे असेल तर म्हैसमाळ आहे, खुलताबादच्या थोडे पुढे. आमच्या शहरापेक्षा ते सुमारे पाचशे मीटर उंच आहे. उंचीच्या हिशेबाने तेथे तापमान तीनेक अंशांनी कमी असते. तीन अंशांसाठी दुपार उन्हात काढू नये, पण सकाळी लवकर जाऊन अकरापर्यंत परतावे. पाण्याचा कॅन व डबा घरचा असावा.

एक शेवटची गोष्ट धनुर्मासाविषयी. रमजान असाच अलीकडे सरकत राहणार व २०३० साली तर एकाच वर्षात दोनदा येणार, जानेवारीत व पुन्हा डिसेंबराच्या अखेरीस. त्याआधीच्या दोन-एक वर्षांपासून डिसेंबर हा आमच्या खरेदीचा महिना होईल व हा मोकळा काळ हातचा जाईल. तोवर नातू शाळेत पक्का अडकलेला असेल. मुलीने हे ऐकून लगेच जंजिऱ्याचे नाव काढले आहे, आणि होडीत त्याचा हात कोण धरणार यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.